ख्रिस्तपुराणांतील पाप, अनुताप व क्षमा : ‘प्रायश्चित्त’ शब्दाच्या व्याप्तीचा विचार

(१)

फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण जुन्या मराठी ओवीवाङ्मयाच्या अभ्यासकांना आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. त्याची भाषा, त्यांतील कोंकणी व पोर्तुगीज शब्द, आपल्या संतकवींच्या ओवीशीं त्याचें नातें, यांविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या विषयाकरितां हा ग्रंथ रचला गेला, तो विषय म्हणजे मनुष्याचें पाप व त्याची क्षमा. त्या विषयाकडे आमच्याकडील अभ्यासकांचें लक्ष त्या मानानें फारच थोडें गेलें. ग्रंथांत पाप, पुण्य, मुक्ति, वैकुंठ असे ओळखीचे शब्द भेटतात, आणि शब्द ओळखीचा म्हणून अर्थहि ओळखीचाच असें गृहीत धरून वाचक पुढें जातो. हस्तलिखितांची सूचि करणारा तर विषयाच्या रकान्यांत ‘प्रायश्चित्त’ असें लिहून मोकळा होतो.

प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच कीं, ह्या एका शब्दाची तपासणी करावी. कॅथॉलिक शास्त्रांत पापी मनुष्याची सुटका ज्या क्रमानें होते असें सांगितलें आहे, तो क्रम आमच्या स्मृतींतील प्रायश्चित्ताशीं कोठें जुळतो व कोठें फुटतो, हें दोन्हीकडील ग्रंथ समोर ठेवून पाहिल्याशिवाय गोव्यांतील जुन्या ख्रिस्ती ग्रंथांचा अर्थ नीट लागणार नाहीं. लेखकाचा व्यासंग मुख्यतः संस्कृत धर्मशास्त्राचा आहे. म्हणून विचार त्या बाजूनें केला आहे. कोणत्याहि धर्माचें मंडन किंवा खंडन करणें हें येथें कार्य नव्हे.

(२)

ग्रंथाची व कर्त्याची माहिती थोडक्यांत देतों. स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांतला. रोम येथें इ. स. १५७५ मध्यें तो जेझुइट संघांत दाखल झाला, इ. स. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघाला व त्याच वर्षीं आक्टोबरांत गोव्यास पोंचला. पुढील सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे इ. स. १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, त्याचें आयुष्य मुख्यतः सासष्टी प्रांतांत गेलें. ख्रिस्तपुराण प्रथम इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें, पुढें इ. स. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हा छापलें गेलें. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जोसेफ सालढाणा यांनीं हस्तलिखितांवरून इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींत जी आवृत्ति काढली, तीवरच पुढील बहुतेक अभ्यास उभा आहे. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति इ. स. १९५६ मध्यें पुण्यास व कारिदाद द्रागो यांची इ. स. १९९६ मध्यें मुंबईस निघाली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित आहे. रोमन प्रतींच्या मानानें त्यांत संस्कृत शब्दांचें प्रमाण अधिक आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे.

ग्रंथाचे दोन भाग. पहिल्यांत सृष्टीची उत्पत्ति, आदिमानवाचें पतन व ख्रिस्तपूर्व इतिहास. दुसऱ्यांत ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, मरण व पुनरुत्थान. म्हणजे ग्रंथाची सर्व रचना पाप कसें आलें व तें कसें गेलें ह्या दोन प्रश्नांवर झालेली आहे. ह्याच कर्त्याची कोंकणी भाषेंतील ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तररूप पोथी त्याच्या मरणानंतर इ. स. १६२२ मध्यें रायतूरासच छापली गेली. पुराण हें कथेच्या रूपानें व प्रश्नोत्तरी हें सूत्राच्या रूपानें एकाच सिद्धान्ताचे दोन पाठ होत, असें समजून दोन्ही एकत्र वाचावींत.

(३)

तो सिद्धान्त कोणता ? स्टीफन्स ज्या पिढींत वाढला ती पिढी ट्रेंट येथील धर्मपरिषदेच्या छायेंत वाढलेली होती. त्या परिषदेनें इ. स. १५५१ च्या नोव्हेंबर महिन्यांत, आपल्या चौदाव्या बैठकींत, ह्या विषयाचा सविस्तर निर्णय दिला. त्याचें सार असें. बाप्तिस्मा झाल्यानंतर घडलेल्या पापाची सुटका होण्यास पापी मनुष्याकडून तीन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, अनुताप, म्हणजे झालेल्या पापाबद्दल अंतःकरणास दुःख, त्या पापाचा तिटकारा व पुढें तें न करण्याचा निश्चय. दुसरी, निवेदन, म्हणजे आत्मपरीक्षण करून जेवढीं मोठीं पापें आठवतील तेवढीं, त्यांचें स्वरूप पालटणाऱ्या परिस्थितीसह, धर्मगुरूपुढें सांगणें. तिसरी, निष्कृति, म्हणजे गुरु सांगेल तें उपोषण, प्रार्थना, दान इत्यादि करणें. ह्या तिहींवर गुरूची मोचनवाणी होते. परिषदेच्या मतें ही वाणी केवळ क्षमा झाल्याची बातमी नव्हे, तर न्यायाधीशाच्या निर्णयासारखी ती कार्य करते.

ह्या तिहींत पहिल्या गोष्टीचे दोन प्रकार सांगितले आहेत. देवावरील प्रेमामुळें होणारा तो पूर्ण अनुताप. पापाची किळस किंवा नरकाचें भय यांमुळें होणारा तो अपूर्ण. लॅटिन भाषेंत ह्या दोहोंस जीं नांवें आहेत, त्यांपैकीं पहिल्याचा धातु पूर्ण चुरडून टाकण्याचा आहे व दुसऱ्याचा घासून झिजविण्याचा. पूर्ण अनुताप झाला असतां, निवेदन करण्याची इच्छा त्यांत अंतर्भूत असल्यामुळें, निवेदनापूर्वींच मनुष्य देवाशीं समेट पावतो. अपूर्ण अनुतापानें तेवढ्यानें भागत नाहीं, मात्र संस्काराचा लाभ होण्याची योग्यता त्यानें येते.

पापाचेहि दोन प्रकार. एक मारक, दुसरें लघु. मारक होण्यास विषय गंभीर असावा लागतो, शिवाय पुरतें ज्ञान व मनःपूर्वक संमति हीं दोन्ही असावीं लागतात. लघु पापें निवेदन केलींच पाहिजेत असें नाहीं. आणखी एक भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. पापामुळें दोन गोष्टी उत्पन्न होतात : एक दोष, ज्याच्यामुळें मनुष्य देवापासून तुटतो व अनंत शिक्षेस पात्र होतो, दुसरी मर्यादित काळाची शिक्षा, जी दोष गेल्यावरहि पुष्कळदां भोगावयाची उरते. उपोषण, दान वगैरे जी निष्कृति, तिचा संबंध ह्या दुसऱ्या गोष्टीशीं. पहिली गोष्ट कोणत्याहि उपोषणानें जात नाहीं. ती देव क्षमा करील तेव्हांच जाते.

(४)

आतां आपल्या धर्मशास्त्राकडे वळूं. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय व याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा, प्रायश्चित्ताध्याय, हीं ह्या विषयाचीं मूळ स्थानें. त्यांवर विज्ञानेश्वराची मिताक्षरा. पुढें शूलपाणीचा प्रायश्चित्तविवेक. आणि स्टीफन्सनंतरच्या पिढींत, मूळच्या पैठणच्या पण काशींत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठाचा प्रायश्चित्तमयूख. म्हणजे सासष्टींत ख्रिस्ती निष्कृतीचा उपदेश चालू होता, त्याच शतकांत इकडे प्रायश्चित्तशास्त्रहि जिवंत होतें व त्यावर नवे ग्रंथ होत होते.

वरवर पाहणारास दोन्ही शास्त्रांत पुष्कळ साम्य दिसेल. महापातकें व उपपातकें हा भेद मारक व लघु ह्या भेदासारखा भासतो. बुद्धिपूर्वक केलेलें पाप व नकळत घडलेलें पाप हा भेद दोहोंकडे आहे. पाप उघड सांगणें व पश्चात्ताप पावणें हीं मनूनें पापमुक्तीच्या साधनांतच गणिलीं आहेत; पुन्हा असें करणार नाहीं ह्या निवृत्तीनेंच मनुष्य शुद्ध होतो, असाहि त्याचा अभिप्राय आहे. चोरानें चोरलेली वस्तु आधीं परत करावी व मग कृच्छ्र करावें, हा स्मृतींचा दंडक. आणि परक्याचें द्रव्य परत करण्याची तयारी नसेल तर मोचनवाणी व्यर्थ, हा कॅथॉलिक शास्त्राचा दंडक.

परंतु साम्याच्या आंत शिरलें म्हणजे भेद दिसूं लागतो. याज्ञवल्क्याच्या मतें अज्ञानानें केलेलें पाप प्रायश्चित्तानें जातें. बुद्धिपूर्वक केलेल्या पापाच्या बाबतींत मात्र प्रायश्चित्तानें मनुष्य व्यवहारास योग्य होतो. ह्यावर मिताक्षराकार पापाच्या दोन शक्ति कल्पितो : एक नरक उत्पन्न करणारी, दुसरी शिष्टांशीं व्यवहार तोडणारी. ही द्विधा कल्पना वाचतांना ट्रेंटच्या दोष-शिक्षा ह्या जोडीची आठवण होते, आणि येथेंच वाचक फसण्याचा संभव आहे. मिताक्षरेंतील दुसरी शक्ति ही समाजाशीं संबंध ठेवणारी. पंक्ति, विवाह, याजन, अध्यापन यांचा तिच्याशीं संबंध. ट्रेंटची दुसरी गोष्ट ही समाजाशीं संबंध नसलेली. तिचा हिशेब देव व जीव ह्या दोघांतच राहतो, ह्या लोकीं न फिटला तर मरणानंतरच्या शुद्धिस्थानांत फिटतो. शिवाय आमच्याकडे पहिली शक्ति नाहींशी करण्याचें साधनहि प्रायश्चित्त हेंच. त्यांचेकडे निष्कृति पहिल्या गोष्टीला स्पर्शहि करीत नाहीं.

अनुतापाचें स्थानहि निराळें पडतें. आमच्या निबंधकारांचा कल अनुतापाला प्रायश्चित्ताची पात्रता देणारी गोष्ट मानण्याकडे आहे. पश्चात्ताप झाला म्हणजे मनुष्य प्रायश्चित्ताचा अधिकारी होतो. पाप जातें तें पुढें आचरावयाच्या व्रतानें. कॅथॉलिक शास्त्रांत हा क्रम उलटा आहे. गाभा अनुतापाचा व देवाच्या क्षमेचा; व्रत हें मागाहून येणारें अंग. ह्याचा निर्णायक पुरावा बाप्तिस्म्यांत मिळतो. प्रौढ मनुष्य अनुतप्त होऊन बाप्तिस्मा घेतो तेव्हां त्याचीं तोंवरचीं सर्व पापें, कितीहि घोर असोत, दोषासह व शिक्षेसह नाहींशीं होतात. त्याला एका दिवसाचेंहि उपोषण सांगितलें जात नाहीं. सासष्टींतील नवख्रिस्ती श्रोत्याला, ज्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या कृच्छ्र-चांद्रायणाचीं नांवें ऐकूं येत होतीं, त्याला ही गोष्ट किती नवी वाटली असेल याची कल्पना करावी.

तिसरा भेद गुप्ततेचा. आमच्या शास्त्रांत प्रकाश व रहस्य असे प्रायश्चित्ताचे दोन वर्ग आहेत. लोकांस कळलेलें पाप परिषदेपुढें मांडून तिनें सांगितलेलें व्रत करावयाचें. कोणासहि न कळलेलें पाप कोणास न सांगतां, जप-प्राणायामादिकांनीं गुप्तपणेंच घालवावयाचें. कॅथॉलिक शास्त्रांत अगदीं गुप्त असें मारक पापहि, मनांतल्या संकल्परूप पापासुद्धां, एका मनुष्यास सांगावेंच लागतें. परंतु तो मनुष्य तें कोणासहि सांगूं शकत नाहीं. इ. स. १२१५ च्या लॅटरन येथील परिषदेनें वर्षांतून निदान एकदां निवेदन करण्याचा नियम घातला, त्याच कलमांत रहस्यभेद करणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून जन्मभर कडक मठांत प्रायश्चित्त भोगावयास लावावें असें सांगितलें. आमची परिषद् अनेक विद्वानांची व उघड. त्यांचा न्यायाधीश एकटा व मुका.

(५)

येथें एक ऐतिहासिक गोष्ट नमूद केली पाहिजे. आमच्या प्रायश्चित्तग्रंथांचें खरें प्रतिरूप कॅथॉलिक इतिहासांत सांपडतेंच, मात्र तें गोव्याच्या आधीं हजार वर्षें. आयर्लंडांतील मठवासीयांनीं सहाव्या-सातव्या शतकांत ज्या निष्कृतिसूची रचल्या, त्यांत अमुक पापास इतके दिवस भाकर व पाणी, अमुक पापास इतकीं वर्षें देशत्याग, असे दर ठरविलेले आहेत. कोलंबानुस, कुमियन व कॅन्टरबरीचा थिओडोर यांच्या नांवांवर अशा सूची प्रसिद्ध आहेत. आमच्याकडे कृच्छ्राच्या ऐवजीं गोदान किंवा त्याचें मूल्य देण्याची जी प्रत्याम्नायाची सोय आहे, तशीच सोय तिकडेहि निघाली. लांब उपोषणाच्या बदलीं स्तोत्रपाठ, त्याच्या बदलीं द्रव्य. शेवटीं इ. स. ८२९ मध्यें पॅरिस येथील परिषदेनें अशा सूची शोधून जाळाव्या अशी आज्ञा केली. ह्यावरून एवढें दिसतें कीं, पापाचा हिशेब दरपत्रकानें करण्याची प्रवृत्ति एकाच समाजाची नव्हे. कॅथॉलिक शास्त्र त्या प्रवृत्तींतून गेलें, व बाराव्या शतकापासून पुढें तेथील पंडितांनीं वजन व्रतावरून काढून अनुतापावर ठेवलें. स्टीफन्स घेऊन आला तें शास्त्र ह्या दुसऱ्या अवस्थेंतलें होतें. त्यास पहिल्या अवस्थेचें नांव देणें म्हणजे कालविपर्यास होय.

(६)

हा सर्व ऊहापोह पुराणांतील कथेवर घासून पाहूं. ख्रिस्ताच्या अटकेच्या रात्रीं त्याच्या बारा शिष्यांपैकीं दोघांनीं घोर पाप केलें. पेद्रूनें आपण त्याला ओळखीत नाहीं असें तीनदां सांगितलें. जुदासानें तीस रुप्याच्या नाण्यांस त्याला धरून दिलें. पुढें काय झालें तें मूळ शुभवर्तमानांत स्पष्ट आहे. जुदासास पश्चात्ताप झाला. त्यानें पुरोहितांपुढें जाऊन आपण निरपराध मनुष्याचा घात केला असें उघड सांगितलें. पैसे मंदिरांत टाकून दिले. आणि जाऊन गळफास घेतला. पेद्रू बाहेर जाऊन रडला, एवढेंच.

आतां स्मृतींच्या चष्म्यानें ही कथा वाचली तर काय दिसेल ? जुदासाच्या ठिकाणीं तिन्ही अंगें पुरीं झालेलीं दिसतात. अनुताप आहे, निवेदन आहे, द्रव्य परत केलें आहे. इतकेंच नव्हे, त्याचें मरणहि त्याच्या बाजूनें लागूं पडेल. कारण कित्येक महापातकांस मरणान्तिक प्रायश्चित्त आमच्या ग्रंथांत सांगितलें आहे. सुरापान करणाऱ्यानें उकळती सुरा प्यावी, ब्राह्मणहत्या करणाऱ्यानें अग्नींत उडी घालावी, असे पर्याय मनूनें दिले आहेत, व त्या मरणानें तो शुद्ध होतो. तेव्हां स्वामिद्रोह करून स्वतःस देहान्त शिक्षा देणारा जुदास शुद्ध झाला, आणि नुसता रडणारा पेद्रू अशुद्ध राहिला, असा निष्कर्ष निघावयास हवा. परंतु कथेचा अभिप्राय नेमका उलट आहे. पेद्रू पुढें सर्व शिष्यांचा अग्रणी होतो. जुदासाचें मरण परंपरेंत निराशेचें उदाहरण म्हणून सांगितलें जातें.

‘प्रायश्चित्त’ ह्या शब्दाची अपूर्णता येथें उघडी पडते. जुदासापाशीं दुःख होतें. नव्हती ती क्षमेची आशा. कॅथॉलिक शास्त्रकारांच्या मतें ही आशा अनुतापाच्या पोटांतच असावी लागते. तिच्यावांचून झालेलें दुःख हें खरा अनुताप नव्हेच, आणि देव क्षमा करणार नाहीं असें ठरवून टाकणें हेंच एक नवें मारक पाप होय. म्हणून दुःख किती तीव्र झालें ह्यावर अनुतापाचा खरेपणा ठरत नाहीं. तें दुःख मनुष्यास कोणाकडे नेतें ह्यावर ठरतो. पेद्रूचें दुःख त्याला परत ख्रिस्ताकडे घेऊन गेलें. जुदासाचें दुःख त्याला एकट्यालाच घेऊन बसलें. ह्याच दृष्टीनें शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राची कथा वाचावी. तो मुलगा बापापुढें म्हणावयाचें भाषण मनांत जुळवून निघतो, आणि तो दूर आहे तोंच बाप धांवत येतो. जकातदार जक्कय चौपट परत करतो, पण तें ख्रिस्त त्याच्या घरीं पाहुणा म्हणून आल्यानंतर. व्रत किंवा दान हें क्षमेचें मूल्य नव्हे, क्षमेचें फळ आहे, असा ह्या कथांचा एकमुखी अभिप्राय दिसतो.

ख्रिस्तपुराणाचा एक ग्रंथ म्हणून मोठा गुण ह्या ठिकाणीं सांगितला पाहिजे. सिद्धान्त सांगावयास पुराणकथेचें रूप घेतल्यामुळें, जो अर्थ एका शब्दांत मावत नव्हता तो कर्त्यास प्रसंगांतून दाखवितां आला. श्रोत्यास पातक व मुक्ति हे शब्द जुन्या अर्थानें कळले तरी पेद्रूची कथा ऐकून तो अर्थ आपोआप हलतो. अनुताप ह्या शब्दास त्या वेळीं महाराष्ट्रांत निराळेंच तेज आलेलें होतें. एकनाथादि संतांनीं तो धर्मशास्त्राच्या पोथींतून काढून भक्तीच्या मार्गावर आणला होता. पुराणकाराची ओवी ज्या कानांसाठीं होती ते कान अगदींच अनभिज्ञ नव्हते. ग्रंथाचा दोष म्हणावयाचा तर हा कीं, उसन्या शब्दांचा जुना अर्थ कोठें घ्यावा व कोठें टाकावा ह्याची खूण श्रोत्यास शब्दाशब्दागणिक मिळत नाहीं; ती खूण प्रश्नोत्तरीसारख्या दुसऱ्या पुस्तकांतून शोधावी लागते. हा दोष भाषांतर करणाऱ्या सर्वांच्याच वांट्यास येणारा आहे.

(७)

ह्या विषयावर आमच्यांत नेहमीं दोन आक्षेप ऐकूं येतात. त्यांचा विचार केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

पहिला आक्षेप : पाप करावें, गुरूच्या कानांत सांगावें, सुटावें, असें शास्त्र पापास उत्तेजन देतें. ह्याचें उत्तर शास्त्रापुरतें सोपें आहे. पुढें न करण्याचा निश्चय हा अनुतापाच्या व्याख्येंतच आहे. तो नसेल तर मोचनवाणी उच्चारली तरी क्षमा होत नाहीं. परंतु व्यवहारांत निश्चय खरा कीं खोटा हें कोणी ओळखावें, हा प्रश्न त्या लोकांसहि छळीत आलेला आहे. स्टीफन्सच्याच संघावर, जेझुइट लोक निवेदनाच्या कामीं फार सैल झाले आहेत, असा ठपका फ्रान्सांत पास्कालनें इ. स. १६५६-५७ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रांतून ठेवला. केवळ भयानें होणारा अपूर्ण अनुताप संस्कारास पुरेसा आहे काय, ह्यावर दोन पक्षांत इतकें भांडण माजलें कीं, एकानें दुसऱ्यास पाखंडी म्हणूं नये असें पोप सातवा अलेक्झांडर ह्यास इ. स. १६६७ मध्यें फर्मावावें लागलें. ज्या शास्त्राचे अनुयायी आपणच हा आक्षेप इतक्या तीव्रतेनें घेतात, त्या शास्त्रास तो अज्ञात होता असें म्हणतां येत नाहीं. पैसे घेऊन क्षमापत्रें देण्याचा जो प्रकार लूथरच्या इ. स. १५१७ मधील विरोधानें गाजला, त्यांतहि पत्राचा शास्त्रोक्त विषय दोषाची क्षमा हा नसून उरलेली शिक्षा हा होता. ती क्षमा विकली जाते असा लोकांचा समज होऊं दिला गेला, हें पाप मात्र विकणाऱ्यांचें. ट्रेंटच्या परिषदेनें इ. स. १५६३ मध्यें ह्या व्यवहारांतील द्रव्यलोभ बंद करण्याचा ठराव केला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्या गोव्यांत ही क्षमेची कथा गाइली जात होती, त्याच गोव्यांत इ. स. १५६० पासून धर्मन्यायसभा बसली होती, मध्यें इ. स. १७७४ ते १७७८ एवढा खंड सोडला तर ती इ. स. १८१२ पर्यंत टिकली. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य इ. स. १६७६ पर्यंत तिच्या कैदेंत होता, त्यानें इ. स. १६८७ मध्यें छापलेल्या वृत्तान्तांत, आरोप काय हें न सांगतां ‘आपला अपराध कबूल कर’ असा लकडा कैद्यास कसा लावला जाई, तें लिहून ठेवलें आहे. तेथेंहि निवेदन, अनुताप, समेट हेच शब्द. येथें शास्त्राचा निवाडा शास्त्राच्याच मापानें करावा. अनुताप हा स्वेच्छेचा असला पाहिजे व निवेदन गुप्त राहिलें पाहिजे, हे त्या शास्त्राचे दोन पाय. न्यायसभेंतील कबुली कारकून लिहून घेई, व ती बहुधा बंदीच्या भयानें होई. ती संस्कारांतील निवेदन नव्हती, हें तिचे अधिकारीहि जाणत होते. परंतु एकाच शब्दानें दोन्ही गोष्टी संबोधल्यामुळें सामान्य मनुष्याच्या मनांत गुरूच्या आसनाचें व न्यायसभेच्या कोठडीचें भय एकरूप झालें असल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं. बळानें काढलेल्या अश्रूंना अनुताप म्हणण्याची मुभा ख्रिस्तपुराणाचा सिद्धान्त कोणासहि देत नाहीं. हा दोष सिद्धान्ताच्या नांवानें सत्ता चालविणाऱ्यांचा आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत सांगणें हें इतिहासकाराचें कर्तव्य होय.

(८)

आतां संग्राहकांस उपयोगी अशा चार गोष्टी सांगून लेख पुरा करतों.

पहिली गोष्ट, गुप्त निवेदनाचा कागद कधींहि सांपडणार नाहीं. कारण तो कधींच केला जात नाहीं. गोव्याकडील एखादा कागद ‘कबुलीचा’ म्हणून हातीं आला, तर तो न्यायसभेचा किंवा दिवाणी-फौजदारी व्यवहाराचा असावयाचा. त्यावर ‘पापनिवेदन’ असें शीर्षक घालूं नये. निवेदनाच्या प्रत्यक्ष आचारावर प्रकाश पडेल तो प्रश्नोत्तरी व आत्मपरीक्षणाच्या पोथ्या यांवरून. दिओगो रिबैरोचें बेलार्मिनाच्या आधारें रचलेलें कोंकणी विवरण (इ. स. १६३२) व जुआंव द पेद्रोझाचीं ‘देवाचीं एकांग्र बोलणीं’ (इ. स. १६६०) अशा ग्रंथांच्या हस्तलिखित नकला, किंवा त्यांचीं सुटीं पानें, घरोघर जपून ठेवावीं.

दुसरी गोष्ट लिपीची. रोमन लिपींतील ह्या ग्रंथांत मूर्धन्य वर्ण अक्षर दुहेरी करून दाखवितात, शकाराला निराळें चिन्ह योजतात. परंतु अ आणि आ यांचा भेद नियमानें दाखविला जात नाहीं. खुद्द ‘पुराण’ शब्दांतील दीर्घ आ व शेवटचा ह्रस्व अ एकाच अक्षरानें लिहिलेले आहेत. त्यामुळें ‘तप’ व ‘ताप’ हे शब्द डोळ्यास सारखेच दिसतात. देवनागरींत उतरविणारानें संवयीनें ‘तप’ लिहिलें तर अनुतापाचें स्थान व्रताला जातें, आणि वर दाखविलेला सर्व सिद्धान्त एका कान्यानें उलटतो. अशा स्थळीं प्रसंग पाहून पाठ ठरवावा, व शक्य असेल तेथें मार्सडेन प्रतीशीं ताडून पाहावा. मात्र ती प्रत संस्कृताकडे झुकणारी असल्यामुळें तिचा शब्द हाच मूळचा, असेंहि धरून चालूं नये.

तिसरी गोष्ट बोलीची. गोव्यांतील ख्रिस्ती समाज आजहि पापास ‘पातक’ म्हणतो व क्षमा करण्यास ‘भोगसणें’. निवेदनाला ‘कुमसार’ म्हणतो, जो पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश आहे. आणि गुरूनें सांगितलेल्या व्रतास ‘प्राचीत’ म्हणतो, जें आमच्या प्रायश्चित्ताचेंच रूप आहे. ह्या बोलीनें विद्वानांपेक्षां अधिक विवेक दाखविला आहे. जी गोष्ट आपल्याकडे नव्हती, म्हणजे एका मनुष्यास सांगून त्याच्या मौनांत पाप ठेवणें, तिला परका शब्द घेतला. आणि प्रायश्चित्त हा शब्द जेथें बसत होता तेवढ्याच जागीं, म्हणजे तिसऱ्या अंगापुरता, बसविला.

म्हणून चौथी व शेवटची सूचना. सूचींत व टीपांत ह्या तीन अंगांस अनुताप, निवेदन व निष्कृति अशीं तीन वेगळीं नांवें द्यावीं. गोव्याच्या बोलीस अनुसरून ‘प्रायश्चित्त’ हा शब्द ठेवावयाचाच असेल तर तो तिसऱ्यास ठेवावा, समग्र संस्कारास नव्हे. अलीकडील मराठी कॅथॉलिक पुस्तकांत ‘प्रायश्चित्तसंस्कार’ असें नांव रूढ झालें आहे. रूढ नांव बदलणें हें त्या समाजाचें काम आहे, आपलें नव्हे. परंतु जुन्या ग्रंथाचा अर्थ लावतांना रूढीच्या मागें न जातां कर्त्याच्या मागें जाणें हें संशोधकाचें काम आहे. ज्यांच्या संग्रहीं ख्रिस्तपुराणाचीं किंवा वर निर्देशिलेल्या कोंकणी ग्रंथांचीं जुनीं पानें असतील, त्यांनीं ह्या चार शब्दांचीं स्थळें उतरून घेऊन त्रैमासिकाकडे पाठवावीं, अशी विनंती आहे. स्थळें पुरेशीं जमलीं म्हणजे ह्या विवेचनाची पारख अधिक बारकाईनें करतां येईल.